शाळेच्या लॅबमध्ये जिबलीचा कुंचला

केरळात दरवर्षी चार लाखांहून जास्त मुलं दहावीला बसतात आणि त्यातल्या प्रत्येकाला आयटीची प्रॅक्टिकल द्यावी लागते. शाळेच्याच लॅबमध्ये, कॉम्प्युटरसमोर बसून. कुणाला पायथनमध्ये चार ओळी लिहून एक नक्षी काढायची असते, कुणाला इंकस्केपमध्ये लोगो करायचा असतो, कुणाला मेल मर्ज वापरून निमंत्रणपत्रं. आणि एखाद्या मुलीच्या वाट्याला नकाशा येतो. गावाचा नकाशा उघडायचा, त्यातला रस्ता निवडायचा आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना ठरावीक मीटरचा पट्टा आखून दाखवायचा. उद्या रस्ता रुंद करायचा ठरला तर कुठली घरं आणि कुठल्या विहिरी त्या पट्ट्यात येतील, ते तिला तिथंच दिसतं. नगररचनेतली माणसं हेच काम करतात, आणि जगात बऱ्याच ठिकाणी याच सॉफ्टवेअरवर करतात. त्याचं नाव क्यूजीआयएस.

पंधरा वर्षांची मुलगी, साधी शाळा आणि हातात नगररचनाकाराचं हत्यार. साहजिकच पहिला प्रश्न पैशांचा. तर शाळेनं या सॉफ्टवेअरसाठी एक रुपयाही मोजलेला नाही. गल्लीतल्या कॉम्प्युटरवाल्याकडून ‘टाकून घेतलेली’ चोरीची कॉपीही नाही. सगळं कायद्यानं, राजरोस, आणि घरी नेऊन वापरलं तरी चालेल असं. खाली चालणारी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिमसुद्धा तशीच. तीही केरळच्या शिक्षण खात्यानं आपल्या शाळांच्या मापानं बेतून घेतलेली.

हे कसं जमतं ते समजून घ्यायला थोडं यंत्राच्या आत डोकवावं लागेल. सॉफ्टवेअर माणसं लिहितात, अगदी अक्षरांत. ‘हे बटण दाबलं तर ते कर’ अशा स्वरूपाच्या हजारो-लाखो ओळी. त्याला सोर्स कोड म्हणायचं. मग कंपायलर नावाचा एक प्रोग्राम त्या ओळींचं यंत्राला कळणाऱ्या आकड्यांत रूपांतर करतो. दुकानात आपण विकत घेतो ते बहुतेक वेळा हे आकडे. त्यावरून मूळ लेखन परत मिळवणं जवळपास अशक्य, आणि मिळवायचा प्रयत्न करायला लायसन्सच्या कागदात बहुधा मनाई. मुक्त किंवा ओपन सोर्स सॉफ्टवेअरमध्ये मूळ लेखनही सोबत मिळतं. शिवाय लायसन्स उलट्या बाजूनं लिहिलेलं असतं. काय करायचं नाही याच्याऐवजी काय करता येईल ते सांगणारं. कशासाठीही चालवा, आतलं वाचा, कॉपी वाटा, बदल करा आणि बदललेली कॉपीही वाटा. जीपीएल या गाजलेल्या लायसन्समध्ये एक अट आहे, की बदललेलं दुसऱ्याला दिलंत तर त्याचं लेखनही असंच खुलं द्यायचं. (‘मुक्त’ म्हणावं की ‘ओपन सोर्स’ यावरून त्या जगात दोन तट आहेत आणि ते एकमेकांशी कडकडून भांडतात. शाळेच्या दारात ते भांडण नको.)

पण खरी गंमत लायसन्सच्या कागदात नाही. ती त्या लॅबमधल्या कॉम्प्युटरच्या मेन्यूत आहे. एकेका चिन्हामागे जाऊन पाहिलं की कुणाची तरी अडचण, कुणाचा गृहपाठ, कुणाचं दिवाळं सापडतं.

फोटो सुधारायचं जिंप घ्या. १९९५ साली बर्कलीच्या विद्यापीठात स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस हे दोन विद्यार्थी होते. त्यांनी सेमिस्टरचा प्रोजेक्ट म्हणून चित्रं हाताळणारा प्रोग्राम लिहायला घेतला. त्या प्रोग्रामला बटणं आणि खिडक्या लागणार, म्हणून त्यांनी बटणं-खिडक्या बनवायचं सामानही स्वतःच तयार केलं. ते सामान इतकं कामाचं निघालं की पुढे लिनक्सवरचा अख्खा एक डेस्कटॉप त्यावर उभा राहिला, आणि लोगो काढायचं इंकस्केपही. म्हणजे दोन पोरांच्या प्रोजेक्टमधली ‘इतर कामं’ आज लाखो स्क्रीनवर आहेत.

निमंत्रणपत्रं लिहायचं लिब्रेऑफिस त्याच्याही मागे जातं. मार्को बोरिस हा १६ वर्षांचा जर्मन मुलगा. लुनेबुर्ग गावात १९८५ साली त्यानं कंपनी काढली आणि लिहायचा प्रोग्राम विकायला सुरुवात केली. ती कंपनी १९९९मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सनं घेतली, पुढच्या वर्षी कोड खुला केला. दहा वर्षांनी मालकी पुन्हा बदलली, तेव्हा बरेच कार्यकर्ते बाहेर पडले आणि त्यांनी तोच कोड घेऊन लिब्रेऑफिस सुरू केलं. कंपनी विकत घेणाऱ्याला माणसं आणि नाव मिळालं. कोड मात्र सगळ्यांचाच होता. बंद सॉफ्टवेअरच्या बाबतीत अशा वेळी ग्राहकाच्या हातात फक्त जुनी सीडी उरते.

क्यूजीआयएस हे अलास्कात राहणाऱ्या गॅरी शर्मन यांनी २००२ साली सुरू केलं. आपल्याकडची नकाशाची माहिती लिनक्सवर नीट बघता यावी, एवढीच त्यांची गरज होती. पायथनची सुरुवात १९८९च्या नाताळच्या सुट्टीत झाली. अ‍ॅमस्टरडॅमच्या एका संशोधन संस्थेतले गिडो व्हान रॉसम यांना सुट्टीत करायला काहीतरी हवं होतं. त्याआधी ते एबीसी नावाच्या भाषेवर काम करत होते. ती भाषा प्रोग्रामिंग शिकवण्यासाठीच बनवलेली होती. पायथन मुलांना सोपी वाटते याचं एक मूळ तिथं आहे.

ब्लेंडरची कथा तर एखाद्या नाटकात शोभावी. टॉन रोझेंडाल या डच गृहस्थांची कंपनी बुडाली. त्रिमिती चित्रं बनवणारं त्यांचं सॉफ्टवेअर गुंतवणूकदारांच्या ताब्यात गेलं. एक लाख युरो द्या, कोड खुला करतो, असा सौदा ठरला. २००२मध्ये रोझेंडाल यांनी इंटरनेटवर वर्गणी मागितली आणि सात आठवड्यांत रक्कम जमली. जगभरच्या लोकांनी वर्गणी काढून एक सॉफ्टवेअर सोडवून आणलं! २०२५मध्ये ज्या लॅटव्हियन अ‍ॅनिमेशनपटाला ऑस्कर मिळालं, तो ‘फ्लो’ याच ब्लेंडरमध्ये बनलेला आहे.

केरळच्या हायस्कुलांत २०१८पासून ‘लिटल काइट्स’ नावाचे विद्यार्थ्यांचे क्लब चालतात. त्यातली मुलं ब्लेंडर शिकतात, आणि दुसरं एक ओपनटून्झ नावाचं. हे ओपनटून्झ मूळचं टून्झ या इटालियन सॉफ्टवेअरचं खुलं रूप. जपानच्या स्टुडिओ जिबलीनं ‘प्रिन्सेस मोनोनोके’पासून आपल्या चित्रपटांसाठी ते वापरलं आणि आपल्या गरजेप्रमाणे बदलून घेतलं. २०१६मध्ये ते खुलं झालं. हायाओ मियाझाकींच्या स्टुडिओत ज्या हत्यारानं रंग भरले गेले, तेच आज मलप्पुरमच्या आठवीतल्या पोराच्या माउसखाली आहे. ‘विद्यार्थी आवृत्ती’ वगैरे भानगड नाही. पूर्ण.

आता केरळलाच हे का सुचलं? सुचलं असं म्हणणंही तितकंसं बरोबर नाही. ते भांडून मिळालं. इस्रोचे माजी अध्यक्ष यू. आर. राव यांच्या अध्यक्षतेखालच्या गटाच्या शिफारशीवरून २००१मध्ये तिथं ‘आयटी अ‍ॅट स्कूल’ हा प्रकल्प सुरू झाला. त्याच वर्षी जुलैमध्ये तिरुवनंतपुरमला मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे जनक रिचर्ड स्टॉलमन यांच्या उपस्थितीत फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची भारतीय शाखा सुरू झाली. सुरुवातीचा अभ्यासक्रम मात्र एकाच कंपनीच्या उत्पादनांभोवती विणलेला होता. शिक्षक संघटनांनी हरकत घेतली: सरकारी पाठ्यपुस्तकातून एका कंपनीचा माल का शिकवायचा? आधी दोन्ही पर्याय ठेवले गेले, मग हळूहळू लिनक्सकडे पारडं झुकलं, आणि २००८च्या सुमारास दहावीची आयटी परीक्षा पूर्णपणे मुक्त सॉफ्टवेअरवर आली. आधी डेबियन, नंतर उबंटू या लिनक्सच्या आवृत्त्यांवर बेतलेली स्वतःची आवृत्ती खात्यानं तयार केली. २०१७मध्ये प्रकल्पाची सरकारी कंपनी झाली. तिचं नाव काइट.

या सगळ्यात शिक्षकांचा भाग नीट बघण्यासारखा आहे. बाहेरून कंत्राटदार आणून लॅब चालवायला दिली नाही. शाळेतल्याच एका शिक्षकावर आयटीची जबाबदारी टाकली, त्याच्या मदतीला दोन-चार विद्यार्थी नेमले, आणि जिल्ह्याजिल्ह्यात प्रशिक्षक तयार केले. तेही वर्गावर शिकवून आलेले शिक्षकच. मल्याळमचे, गणिताचे, भूगोलाचे. कुठलं सॉफ्टवेअर आत घ्यायचं, कुठलं नको, हे ठरवताना वर्गावर शिकवणारा माणूस टेबलाशी होता. बंद सॉफ्टवेअर असतं तर त्याला फार तर तक्रार नोंदवता आली असती.

२०१९मध्ये काइटनं जाहीर केलं की यामुळे राज्याचे ३,००० कोटी रुपये वाचले. बातमी सगळीकडे गाजली. हिशेब सोपा आहे: दोन लाख कॉम्प्युटर, प्रत्येकावर एवढं सगळं विकत घ्यायचं तर किमान दीड लाख रुपये. गुणाकार बरोबर आहे. पण मला हा आकडा नेहमी थोडा लटका वाटतो. कुठल्याही राज्य सरकारनं शाळेतल्या कॉम्प्युटरमागे दीड लाखाचं सॉफ्टवेअर कधीच घेतलं नसतं. खरं तर काय झालं असतं? दोन-तीन प्रोग्राम घेतले गेले असते, नकाशा आणि अ‍ॅनिमेशन मुलांनी कधी पाहिलंच नसतं, आणि उरलेलं चोरून टाकलं गेलं असतं. वाचलेल्या पैशांपेक्षा हे न घडणं मोठं. सरकारी लॅबमध्ये गुरुजींच्या देखत चोरीचं सॉफ्टवेअर चालतं तेव्हा मुलं त्यातूनही काहीतरी शिकतच असतात.

परीक्षा, अभ्यासक्रम, कोट्यवधी रुपये हे जरा बाजूला ठेवू. तासाला काय होतं ते बघू.

स्टेलॅरियम नावाचं तारांगण आहे. फाबियां शेरो या फ्रेंच प्रोग्रामरनं २००१मध्ये ते लिहायला घेतलं. उघडलं की समोर आकाश. एफ-६ दाबून ठिकाण बदलायचं, एफ-५ दाबून तारीख. आता ठिकाण घ्या विजयदुर्ग. नकाशावर त्याच्या आसपास टिचकी मारली तरी पुरे. तारीख टाका २२ जानेवारी १८९८ आणि वेळ भर दुपारची. सूर्याजवळ जा आणि घड्याळाचा वेग वाढवा. चंद्राची काळी कड सूर्यात शिरते, वाढत जाते, आणि मग दोनेक मिनिटं भर दुपारी आकाश काळं होऊन तारे दिसायला लागतात. त्या दिवशी इंग्रज शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर खरोखरच विजयदुर्गावर दुर्बिणी लावून बसले होते. तोच सावलीचा पट्टा पुढे सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरवरून गेला. तिथं पुण्याच्या सायन्स कॉलेजचे कावसजी नायगमवाला आपली उपकरणं घेऊन गेले होते, आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे लोकही.

कोकणात एक समज पक्का आहे की हेलियमचा शोध लॉकियर यांनी विजयदुर्गावर लावला, आणि तो १८ ऑगस्ट १८६८च्या ग्रहणात. त्या दिवशी भारतावरून खग्रास ग्रहण गेलं होतं हे खरं. लॉकियर मात्र तेव्हा इंग्लंडात होते, विजयदुर्गावर आले ते तीस वर्षांनी. दोन ग्रहणांच्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. आठवीच्या मुलांना ही दंतकथा सांगा, दोन्ही तारखा द्या आणि स्टेलॅरियम उघडून द्या. ग्रहण किती झालं ते स्क्रीन सांगेल, माणूस कुठे होता ते पुस्तकं सांगतील. असा इतिहासाचा तास मला शाळेत मिळाला असता तर!

यापुढची पायरी फक्त खुल्या सॉफ्टवेअरमध्येच शक्य आहे. एखाद्या चौकस पोरानं विचारलं, ‘सर, याला कसं कळलं १८९८ साली चंद्र कुठे होता?’ तर सरांना ‘कंपनीनं काहीतरी केलं असेल’ म्हणून सुटता येत नाही. स्टेलॅरियमच्या कोडमध्ये ग्रहांची आणि चंद्राची गणितं स्वतंत्र फायलींत आहेत. पॅरिसच्या खगोलगणित्यांनी बसवलेल्या या मांडण्या. फाइल उघडली की आकड्यांचे रकानेच्या रकाने. आकड्यांचा प्रत्येक गट म्हणजे एक लहानशी लाट, साइन-कोसाइनची. पृथ्वीची ओढ, सूर्याची ओढ, गुरूची ओढ, अशा शेकडो लाटांची बेरीज केली की चंद्र आकाशात नेमका कुठे ते निघतं. आपल्याकडे पंचांगकर्ते पिढ्यान्‌पिढ्या चंद्राच्या याच वाकड्या चालीशी झगडत आले. दहावीत त्रिकोणमिती ‘कशाला शिकायची’ म्हणणाऱ्या मुलाला ती फाइल एकदा दाखवावी. कळणार नाही त्याला, पण डोळे मोठे होतील.

भूमितीसाठीच्या जिओजेब्राचा अनुभव वेगळा. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१मध्ये साल्झबुर्ग विद्यापीठात पदव्युत्तर प्रबंधासाठी ते सुरू केलं. (व्यापारी वापरावर त्यांच्या अटी आहेत, म्हणून कट्टर मंडळी नाक मुरडतात, शाळेला अडचण नाही.) एक वेडावाकडा चौकोन काढा. कसाही. चारही बाजूंचे मध्यबिंदू जोडा. आतमध्ये समांतरभुज चौकोन तयार होतो. योगायोग असेल म्हणून एक कोपरा माउसनं धरून ओढा. बाहेरचा चौकोन चेमटतो, लांबतो, पार एकमेकांत अडकतो, तरी आतला समांतरभुजच राहतो. व्हारिन्याँ या फ्रेंच गणितज्ञाचं हे प्रमेय १७३१ साली छापलं गेलं. फळ्यावर एक आकृती निघते आणि तिच्यासाठी सिद्धता. इथं मूल पाच मिनिटांत शेकडो आकृत्या बघतं आणि मग स्वतःच विचारतं, असं का होतं? सिद्धतेची भूक आधी लागते, सिद्धता नंतर येते. बालभारतीच्या नववी-दहावीच्या भूमितीतही जिओजेब्रा वापरून बघा असं सांगणाऱ्या छोट्या चौकटी आहेत. त्या वाचून पुढच्या उदाहरणसंग्रहाकडे वळणारेच जास्त असावेत.

आता मराठीकडे येऊ, कारण इथं एक फार बारीक आणि फार सुंदर गोष्ट लपलेली आहे.

२००९च्या शासन निर्णयानं मराठी वर्णमालेसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ठरवून दिले. पहिलीतलं मूल पाटीवर तसा ‘ल’ गिरवतं: मध्ये दांडा, दोन बाजूंना दोन पाकळ्या. मग ते लॅबमध्ये येतं आणि स्क्रीनवर त्याला हिंदी वळणाचा दंडयुक्त ‘ल’ दिसतो. कारण युनिकोडमध्ये ‘ल’साठी जागा एकच आहे, मराठीचा वेगळा, हिंदीचा वेगळा असं नाही. मग सोडवायचं कसं? फॉन्टमध्ये एकाच अक्षराची दोन चित्रं ठेवता येतात. मजकुरावर ‘ही भाषा मराठी’ अशी अदृश्य खूण असेल तर पाकळ्यांचं चित्र निवडायचं, नसेल तर दुसरं. हे निवडायचं काम करतो हार्फबझ नावाचा खुला प्रोग्राम. लिब्रेऑफिसमध्ये, फायरफॉक्समध्ये, क्रोममध्ये आणि अँड्रॉइड फोनमध्येही तो बसलेला आहे. ‘दऱ्याखोऱ्या’ लिहिताना तो अर्ध्या चंद्रासारखा ‘र’ नीट उमटतो, तेव्हा पडद्यामागे बहुधा हाच राबत असतो.

म्हणून लिब्रेऑफिसमध्ये मजकूर निवडून त्याची भाषा ‘मराठी’ केली आणि फॉन्टमध्ये ती सोय असली, की ‘ल’ डोळ्यांदेखत कूस बदलतो. पहिल्यांदा पाहताना अंगावर काटा येतो, खोटं नाही. रेड हॅटनं २००४मध्ये खुले केलेले लोहित फॉन्ट पुढे पुण्यात बसलेल्या अभियंत्यांनी सांभाळले, वाढवले. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ नावाचा फॉन्टही असाच खुला. एखाद्या फॉन्टमध्ये मराठी ‘ल’ नसेल तर तो काढून आत घालायला कुणाच्या परवानगीची गरज नाही. केरळात मल्याळमच्या जोडाक्षरांसाठी स्वतंत्र मल्याळम कंप्युटिंग या गटानं २००२पासून हेच केलं, आणि त्यांचे फॉन्ट शाळांच्या कॉम्प्युटरवर पोचले. भाषा छोटी की मोठी, बाजार आहे की नाही, हे विचारायला मध्ये कुणी नव्हतं.

शिकवायला मराठीत काही आहे का, हाही प्रश्न येतोच. आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प आहे. साधारण दहा-दहा मिनिटांच्या चित्रफिती, लिब्रेऑफिस, पायथन, जिओजेब्रा अशा विषयांवर. स्क्रीन इंग्रजीच, आवाज मराठी. स्क्रीनचा अर्धा भाग चित्रफितीला, अर्धा प्रत्यक्ष सॉफ्टवेअरला; थांबवायचं, तसंच करून बघायचं, पुढे जायचं. इंटरनेट नसलं तरी फायली कॉपी करून नेता येतात. शिकवणारा माणूस जवळ नसेल तिथं बसून शिकता यावं म्हणूनच त्याची रचना केलेली आहे.

इतकं सगळं असताना महाराष्ट्रात हे का रुजलं नाही? पुण्यात २८ मे २००३ रोजी तेव्हाचे राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनी आयस्क्वेअरआयटी संस्थेत भाषण केलं. बिल गेट्स यांच्याशी झालेल्या चर्चेचा त्यांनी उल्लेख केला आणि भारतासारख्या देशानं ओपन सोर्सकडे वळावं असं स्पष्ट सांगितलं. टाळ्या पडल्या असणारच. आणि २००७मध्ये तर रायगड जिल्ह्यात कर्जतजवळ खैराटच्या धनगरवाड्यावरच्या एकशिक्षकी शाळेत, वीसेक मुलांच्या हातात, जगात गाजलेला हिरवा-पांढरा छोटा लॅपटॉप आला. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’चा भारतातला पहिला प्रयोग. उन्हात वाचता येणारा पडदा, जवळच्या लॅपटॉपशी आपोआप बोलणारे अँटेनाचे दोन कान, आणि आत शुगर नावाचं मुलांसाठी लिहिलेलं खुलं सॉफ्टवेअर. त्याच्या कळफलकावर एक कळ ‘सोर्स बघा’ यासाठी राखून ठेवलेली होती. चालू असलेला प्रोग्राम मुलानं खेळता खेळता उघडावा आणि आतल्या पायथनच्या ओळी बघाव्यात, ही कल्पना. कॉम्प्युटरच्या कळफलकावर अशी कळ असावी हे सुचणंच विलक्षण.

पण त्या लॅपटॉपची मोठी परीक्षा पेरूत झाली. तिथल्या सरकारनं आठ लाखांहून जास्त लॅपटॉप वाटले. इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेच्या संशोधकांनी ३१९ प्राथमिक शाळांचा अभ्यास करून २०१२मध्ये निष्कर्ष मांडला: गणित आणि भाषेच्या गुणांत मोजण्याजोगा फरक पडला नाही. सर्वसाधारण बुद्धिक्षमतेच्या चाचण्यांत थोडी सुधारणा दिसली, एवढंच. यंत्र खुलं होतं, सॉफ्टवेअर खुलं होतं, कळही होती. ती दाबल्यावर जे दिसलं त्याचं काय करायचं हे सांगणारं कुणी शेजारी नव्हतं.

केरळनं नेमकी उलटी सुरुवात केली: आधी मास्तर, मग मशीन. इतक्या गोष्टी वाचून मला यातलं सगळ्यात थक्क करणारं तेच वाटतं, जिबलीचा कुंचलाही नाही. गणिताच्या बाई ऑपरेटिंग सिस्टिममध्ये कुठला प्रोग्राम असावा यावर हक्कानं बोलतात, आणि पुढच्या आवृत्तीत तो येतो. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळांत लोकवर्गणीतून टॅब आणणारे, स्वतः अ‍ॅप बनवणारे शिक्षक कमी नाहीत. ते एकेकटे आहेत. त्यांनी केलेलं त्यांच्या बदलीबरोबर दुसऱ्या तालुक्यात जातं.

एखाद्या शाळेला करून बघायचं असेल तर फार अवघड नाही. आठ जीबीचा पेनड्राइव्ह, त्यावर उबंटू किंवा जुन्या मशीनसाठी लुबंटूसारखी हलकी आवृत्ती. कॉम्प्युटर सुरू होताना एफ-१२ किंवा त्या कंपनीनं ठरवलेली कळ दाबून पेनड्राइव्हवरून चालू करायचा आणि ‘ट्राय’ निवडायचं. हार्ड डिस्कला हात लागत नाही. बंद करून पेनड्राइव्ह काढला की मशीन जसं होतं तसं. दोन जीबी रॅमचं, कोपऱ्यात धूळ खात पडलेलं मशीनही हलक्या आवृत्तीवर कामाला लागतं. इन्स्क्रिप्ट मराठी कळफलक सेटिंगमध्ये सापडतो. स्टेलॅरियम, लिब्रेऑफिस, लहानांसाठी टक्स पेंट हे सगळं तिथल्याच यादीतून घेता येतं. वाय-फाय आणि प्रोजेक्टर त्याच वेळी लावून बघा. आणि ऑफिसचा कॉम्प्युटर सगळ्यात शेवटी घ्या: सरकारला शाळेची माहिती कळवायचे युडायसचे फॉर्म ब्राउझरमध्ये भरता येतात, पण बोनाफाइड छापायच्या दिवशी प्रिंटर रुसला तर हेडक्लार्क पुन्हा लॅबचं नाव काढू देणार नाहीत.